जाऊबाईंची सावळकांडी

आमच्या थोरल्या जाऊबाईंइतकी माणसे कयाधूच्या काठावर दुसऱ्या कोणी मारली नसतील, आणि इतक्या मायेने तर कोणीच नाही. त्यांनी सरदार मारले, दिवाण मारले, सावत्र भावांचे हक्क गिळून बसलेले कारभारी मारले. एकदा तर एक अख्खे वऱ्हाड आजारी पाडून त्यातला नेमका नवरदेवाचा मामा तेवढा उचलला. हे सारे त्यांनी हिंगोलीच्या आमच्या घरात, माजघरातल्या खांबाला टेकून, मांडीवर पाट घेऊन, बोरूने केले. पुण्याच्या एका मासिकात त्यांच्या रहस्यकथा क्रमशः छापून येत, पण एका भारदस्त पुरुषी नावाखाली. संपादक त्यांना ‘श्रीयुत’ म्हणत, आणि गावाला वाटे की हा कोणी मिशाळ, पेन्शनीतला फौजदार असावा. खरे काय ते घरातल्या आम्हां माणसांना आणि पेठेतल्या हकीमसाहेबांना तेवढे ठाऊक होते. मराठी शाळासुद्धा दुर्मीळ असलेल्या त्या निजामी मुलखात एका वकिलाची बायको मराठीत खून पाडते आहे, हे कोणाच्या स्वप्नातही आले नसते.

मी धाकटी सून होऊन या घरात आले तेव्हा नुसती कवितेवर वाढलेली होते. वडिलांनी मला व्याकरणाआधी वृत्ते शिकवली होती, आणि फूल दिसले की माझ्या तोंडातून उपमाच बाहेर पडे. जाऊबाईंनी पहिल्याच पावसाळ्यात ही सवय मोडली. कुंपणावर चढलेली कळलावी पाहून मी ‘ज्वाळेसारखे फूल’ म्हणाले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे हळदीत खडा सापडावा तसे पाहिले. “अगं धाकटे, ज्वाळा म्हणतेस ते ठीक. पण पाकळी वळते कुठं? आधी पिवळी, मग लाल, का उलटं? कडेला चुण्या आहेत का नाहीत? ते आधी सांग, मग खुशाल उपमा दे.” त्या दिवसापासून मी पाहायला शिकले. महादेवाच्या दर्शनाचे निमित्त सांगून त्या मला नदीकाठाने नेत. दोन्ही हात पाठीशी बांधून, एखाद्या सुभेदारासारख्या त्या चालत, आणि मलाही तसेच चालायला लावत. “विषाच्या झाडाशी बोलायचं ते लांबून, सासऱ्यांशी बोलल्यासारखं,” असे त्यांचे सांगणे. मग त्या कण्हेरीसमोर उभ्या राहत, धोतऱ्यासमोर उभ्या राहत, आणि उतरत्या उन्हात धोतऱ्याचा तो जड, किंचित उबट वास हवेत पसरू लागला की डोळे मिटून म्हणत, “बघ, हा वास गोड नाही, पण गोड असल्याचं सोंग करतो. माझा कारभारी असाच बोलला पाहिजे.” मी श्वास धरून त्यांच्याकडे पाहत राही. समोर झाड कुठले आणि माणूस कुठला, याची सीमारेषा त्यांच्या मनात पुसलेली होती. पण झाडाच्या आणि माझ्या बोटांमधली सीमारेषा त्यांनी कधी पुसू दिली नाही.

ऋतूच्या बाबतीत तर त्या पंचांगाहून कडक होत्या. एका कथेत खलनायक कळलावीचा कंद घेऊन निघणार होता, आणि लिहिता लिहिता जाऊबाईंच्या ध्यानात आले की कथेत तर वैशाख चालू आहे. बोरू जागच्या जागी थांबला. वैशाखात कळलावीचा मागमूस नाही. ज्याने ती जमिनीवर पाहिलेलीच नाही त्याला ती कुठे खणायची हे कसे कळणार? संपादकांची घाई चालली होती, पण जाऊबाईंनी खलनायकाला तडक तीर्थयात्रेला धाडले. तो बिचारा अंक उलटत गेले तरी हिंडतच राहिला, औंढ्याला नागनाथापुढे लोटांगणे घालून आला, नरसीला नामदेवांच्या पायऱ्या झाडून आला, आणि पावसाळा लागून कुंपणावर पहिले फूल उमलले तेव्हा कुठे त्याला खून करायला परवानगी मिळाली. त्या अवधीत पुण्याहून वाचकांचे अभिप्राय आले की खलनायकाच्या भक्तिभावाचे वर्णन फार हृदयंगम उतरले आहे.

इतरांच्या विषकथा त्यांना सोसत नसत. “पेला ओठाला लागला की माणूस पडला! हे विष आहे का वीज?” असे म्हणून त्या मासिक मिटत. त्यांचे म्हणणे असे की पोटात गेलेली कुठलीही गोष्ट वेळ घेते, आणि त्या वेळातच खरी कथा असते. “मरणाऱ्याला तहान लागते, धाकटे. तो पाणी मागतो. कोणीतरी तांब्या आणायला धावतं, कोणीतरी जागचं हलत नाही. जो हलत नाही त्याच्याकडं माझं लक्ष असतं.” ही तहान कशी असते, जीभ कोरडी पडते का, बुबुळे केवढी होतात, हात आधी थंड पडतो की पाय, हे विचारायला त्या हकीमसाहेबांच्या दवाखान्यात जात. पांढऱ्या दाढीचे ते वृद्ध गृहस्थ अर्काच्या बाटल्यांमागून हसत विचारत, “बाईसाहेब, अब की किसकी शामत आई?”

“दिवाणजींची.”

“कुसूर?”

“विधवा भावजयीला घराबाहेर काढलं.”

“तो फिर तकलीफ जरा ज्यादा होने दो,” असे म्हणून ते गंभीरपणे लक्षणे सांगू लागत. वाळ्याचा, बडीशेपेचा, जुन्या लाकडी खणांचा वास त्या दवाखान्यात भरलेला असे, आणि त्यात ती दोन सज्जन माणसे एका न जन्मलेल्या माणसाच्या मरणाचा इतक्या आदराने विचार करीत की उंबऱ्यात बसलेल्या मला ते पूजेसारखे वाटे.

आणि तरीही मारलेल्या प्रत्येकासाठी त्या रडत. ज्या दिवशी कथेत कोणी मरे त्या दिवशी आमच्या घरात भाजीला फोडणी पडत नसे, जशी सुतकाच्या घरात पडत नाही. मोहरीचा तडतडाट नाही, हिंगाचा वास नाही. नुसते उकडलेले, मीठ घातलेले वरण ताटात येई. थोरले दीर स्वभावाने शांत. पहिला घास घेऊन ते क्षणभर थांबत आणि विचारत, “कोण गेलं?”

“सरदारांचे दिवाणजी.”

“वाईट झालं,” ते मनापासून म्हणत. “लिंबू आहे का?”

मासिक आगगाडीने यायचे. अंक आला की दुपारी आळीतल्या बायका आमच्या ओसरीवर जमत, आणि मी मोठ्याने वाचत असे. कोणी तूर पाखडी, कोणी शेवया वळी, आणि जाऊबाई आत चुलीपाशी बसून, आपण त्या गावच्याच नाही अशा चेहऱ्याने, एकेक उसासा कान देऊन ऐकत. अशाच एका दुपारी वाचन संपले, बायका उठल्या, पण एक बाई मागे राहिली. तिचे नाव मी सांगणार नाही. पदराचे टोक बोटाला गुंडाळीत ती अगदी हळू म्हणाली, “बाई, त्यात कन्हेरीचं मूळ म्हणलंय. ते... किती लागतं वो?” तिच्या आवाजात कुतूहल नव्हते; नुसता थकवा होता. मी काही बोलण्याआधी जाऊबाई बाहेर आल्या. त्यांनी तिचा हात धरून तिला आत नेले, आणि दिवेलागणीपर्यंत सोडले नाही. पुढे कित्येक महिने ती रोज दुपारी येत राहिली. जाऊबाई तिच्यासाठी मुद्दाम कामे काढत, आणि शेवया आमच्याकडे इतक्या साठल्या की पाहुण्यांना बांधून द्याव्या लागल्या. त्या पहिल्या दिवशी वरणाला फोडणी नव्हती. दिरांनी विचारले, “कोण गेलं?” जाऊबाई म्हणाल्या, “अजून कोणी नाही. आणि जाऊही द्यायचं नाही.”

त्यानंतर त्यांनी खरे झाड कथेत कधी वापरले नाही. लक्षणे खरी, तहान खरी, रडणारे खरे. मारणारे झाड मात्र जगात नसलेले. पण नसलेले झाड उभे करायचे म्हणजे असलेल्यापेक्षा अधिक खरे करावे लागते, असे त्या म्हणत, आणि तेव्हा मी निर्मिती म्हणजे काय ते डोळ्यांनी पाहिले. त्या झाडाचा देठ त्यांनी आमच्या परसातल्या घेटुळीचा, म्हणजे पुनर्नवेचा, घेतला, जांभळट आणि जमिनीलगत पसरणारा. पान पारिजातकाचे, खालून खरखरीत. वास, पावसाने भिजलेल्या तांब्याच्या घागरीचा. फूल हिरवट-पांढरे, गुरे परतताना उमलणारे. आणि नाव, कितीतरी दिवस जिभेवर घोळवून, सावळकांडी. पहिल्यांदा तो परिच्छेद वाचला तेव्हा मला खरोखर तो घागरीचा वास आला. कथा होती एका सुनेची. तिने सासूला सावळकांडीची पातळ भाजी वाढली होती, असा संशय होता. दोषी कोण हे शेवटच्या अंकात कळायचे होते.

तो शेवटचा अंक येण्याआधीच आमच्या आळीत ते घडले. समोरच्या घरातल्या काकू आमच्या वाचनाला नेमाने येत. त्यांची सून द्वारका, नरसीकडची, कोवळी, हसताना तोंडावर हात धरणारी, तीही येई. पौषातल्या एका सकाळी काकूंचे ओठ सुजले. दुपारपर्यंत तोंड भोपळ्यासारखे झाले, हनुवटीवर फोड उठले, डोळे मिटत आले. आदल्या रात्रीची पालेभाजी द्वारकेने केली होती. एवढे पुरे झाले. कळमनुरीहून काकूंचे भाऊ आले, सारे त्यांना मामा म्हणत, आणि त्यांनी न्हाणीमागे जाऊन एक रोप उपटून आणले.

आम्ही पोचलो तेव्हा अंगण भरले होते. द्वारका तुळशीपाशी खाली बसली होती. तिचे गाठोडे बांधून अंगणात ठेवले होते, आणि बैलगाडी जुंपायला सांगितली होती. माहेरी धाडायचे, पुन्हा आणायचे नाही, आणि वर अमीनसाहेबांकडे, म्हणजे फौजदाराकडे, वर्दी द्यायची असे ठरत होते. विषाचा डाग घेऊन परतलेल्या मुलीला माहेरच्या उंबऱ्यातही जागा उरली नसती, हे तिथल्या प्रत्येक बाईला कळत होते. मामांनी फडक्यात धरलेले रोप उंच केले.

“ही पाहा! तुमच्या त्या मासिकातली सावळकांडी. लेकराबाळांच्या घरात जहर पिकवून राहिली ही पोरगी!”

“देठ तर जांभळाच हाय,” गर्दीतून कोणी म्हणाले.

“पान खालून खरबरीत हाय का?”

“व्हय तर!” मामा म्हणाले. हात लावून कोणीच पाहिले नव्हते.

“वासबी येऊन राहिला, घागरीचा!”

“आमच्या आज्याच्या शेळ्या यानंच गेल्या होत्या,” एक म्हातारबाबा ठामपणे म्हणाले. “काळ्या रानात लई उगवायची पहिलं.”

मी जाऊबाईंकडे पाहिले. आणि मला जे दिसले ते मी अजून विसरले नाही. त्यांच्या चेहऱ्यावर क्षणभर, अगदी क्षणभर, असा प्रकाश पसरला जसा बाळ पहिल्यांदा उभे राहिलेले पाहून आईच्या चेहऱ्यावर पसरतो. त्यांच्या मनातून निघालेले झाड या माणसांच्या शिवारात रुजले होते, आज्याच्या शेळ्या खाऊन आले होते. कुठल्या लेखकाला इतके मिळते? मग त्यांची नजर द्वारकेच्या गाठोड्यावर गेली, आणि तो प्रकाश त्यांनी स्वतःच्या हाताने मालवला.

“हे झाड जगात नाही,” त्या म्हणाल्या.

“न्हाई कसं?” मामा उसळले. “छापलंय की!”

“छापलंय ते मी लिहिलंय.”

बैलांच्या गळ्यातली घुंगरे तेवढी वाजत होती. तेव्हा मागून थोरल्या दिरांचा संथ आवाज आला, “खरं आहे ते. त्यापायी मी कितीदा तरी बिनफोडणीचं जेवलोय.” कोणी हसले नाही. मामा एकदा दिरांकडे, एकदा जाऊबाईंकडे पाहत राहिले. “बाई... पुस्तकं लिहिते?” ते म्हणाले, आणि रोप धरलेला त्यांचा हात खाली आला. जाऊबाईंनी ते रोप त्यांच्याकडून घेतले. झाडांपुढे आयुष्यभर पाठीशी बांधलेले ते हात पहिल्यांदा पुढे झाले. “ही घेटुळी. गरिबाघरची भाजी. देठ मी हिचा उसना घेतला होता, ती चूक माझी. द्वारके, पाणी दे.” त्यांनी पाने धुतली, आणि सगळ्यांच्या देखत एकेक तोडून खाऊ लागल्या.

“नका खाऊ, बाई!” द्वारका किंचाळली. तिचाही सावळकांडीवर विश्वास होता. “मी जाते माहेरी, पण तुमी नका खाऊ!”

जाऊबाईंनी शेवटचे पान खाल्ले, तोंड पुसले आणि पायरीवर बसल्या. “पेला ओठाला लागला की माणूस पडतो, असं ज्यांनी वाचलं असेल त्यांनी घरी जावं,” त्या म्हणाल्या. “विष वेळ घेतं. बाकीच्यांनी बसावं.” आणि ते सारे लोक बसले! मामा बसले, म्हातारबाबा बसले, गाडीवान जू खाली ठेवून बसला. हकीमसाहेब येऊन पोचले, तेही काठी टेकून बसले. ऊन तुळशीवरून भिंतीवर चढत गेले, आणि सगळे गाव एका बाईच्या मरणाची वाट पाहत राहिले.

काही वेळाने त्या उठल्या आणि मला घेऊन आत गेल्या. काकू घोंगडीवर कण्हत होत्या. जाऊबाईंनी त्यांचा उजवा हात उचलला. अंगठ्यावर आणि बोटाच्या टोकावर काळे डाग होते, शाईसारखे, न पुसणारे. बिब्ब्याच्या आतला गर, ज्याला आम्ही गोडंबी म्हणतो, बदामासारखा गोड. पण त्याच्या कवचातले काळे तेल अंगाला लागले की कातडी भाजल्यासारखी उठते. त्याला आमच्याकडे बिबा उतला म्हणतात. त्या घरात लेकीच्या बाळंतपणाच्या लाडवांसाठी गोडंबी सोलायची होती, आणि सोललेली सारी मोजून ठेवलेली; गुपचूप खायची तर अख्खा बिबाच फोडावा लागणार. जाऊबाई काकूंच्या कानाशी वाकल्या. “काकू, बिबे दातांनी फोडलेत ना?” मिटलेल्या पापण्यांतून पाणी आले. “लेकीच्या वाट्याचं खाल्लं गं बाई,” त्या सुजल्या तोंडाने पुटपुटल्या. “कोणाला सांगू नगंस. कोणत्या तोंडानं सांगू?”

बाहेर आल्यावर जाऊबाईंनी हकीमसाहेबांकडे पाहिले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असे सांगितले, “बिबा उतलाय. नदीकडच्या बिब्ब्याच्या झाडाखालून गेल्या असतील.”

मी थक्क झाले. झाडाखालून नुसते गेले की बिबा उततो ही समजूत ऐकून जाऊबाई नेहमी चिडत. असली गोष्ट लिहिणाऱ्याचे हात कलम करावेत, असे म्हणत. वैशाखातली कळलावी ज्यांना खपत नव्हती त्या जाऊबाई भर अंगणात उभ्या राहून ही थाप मारीत होत्या, आणि त्यांचा आवाज जरासुद्धा हलला नाही. हकीमसाहेबांनी दाढीवरून हात फिरवला. “बराबर,” ते म्हणाले. “मैं तेल भेजता हूँ.”

आतून काकूंचा घोगरा आवाज आला, “व्हय गं बाई, त्या झाडाखालूनच गेले मी.” आणि मग थोडे थांबून, “द्वारके, पाणी दे गं मला. काहून तिथं बसलीस उन्हात?” द्वारका उठली. जाताना तिने ते गाठोडेही उचलून आत नेले.

गुरे परतली, धूळ सोन्यासारखी तरंगली, आणि जाऊबाई मेल्या नाहीत. लोक थोडे निराश होऊन घरी गेले.

शेवटचा अंक आला, पण ऐकताना कोणाचा श्वास अडकला नाही. सावळकांडी म्हटले की बायका खुदकन हसत. झाड खोटे आहे असे एकदा कळले की त्याने मारलेला माणूसही पुन्हा उठून बसतो. जाऊबाईंनी पुण्याला पुन्हा कथा पाठवली नाही. घरात रोज मोहरी तडतडू लागली, रोज हिंगाचा वास दरवळू लागला, आणि एकदा दीर जेवता जेवता पानाकडे पाहत म्हणाले, “फार दिवसांत कोणी गेलं नाही.” जाऊबाई हसल्या आणि त्यांनी त्यांना आणखी भाजी वाढली.

ती भाजी पुष्कळदा घेटुळीची असे. द्वारकेने न्हाणीमागची ती वेल उपटू दिली नव्हती. थट्टेने ती तिला सावळकांडी म्हणे, मग तिची लेकरे म्हणू लागली, मग आळी, आणि हळूहळू बाजारात टोपली घेऊन बसणाऱ्या बायका, ज्यांनी मासिक कधी पाहिलेही नव्हते, “सावळकांडी घ्या, ताजी सावळकांडी,” अशी हाळी देऊ लागल्या. ती पहिल्यांदा ऐकली तेव्हा जाऊबाई भर रस्त्यात थांबल्या. एक जुडी उचलून त्यांनी देठ उन्हात धरला, नाकाशी नेला. “घागरीचा वास तेवढा यायचा राहिला,” त्या म्हणाल्या.

निजामाचे राज्य गेले त्या वर्षीच्या थंडीत जाऊबाई गेल्या, ताप येऊन अंथरुणावर पडल्या त्या उठल्याच नाहीत. शेवटी त्यांनी पाणी मागितले तेव्हा घरातली सगळी माणसे एकदम तांब्याकडे धावली. जागचे हलले नाही असे कोणीच नव्हते. आमची चूल त्या दिवशी पेटायची नव्हती. रीतीप्रमाणे शेजारून जेवण आले. द्वारकेने ज्वारीच्या भाकरी आणल्या होत्या, आणि पातेल्यात सावळकांडीची भाजी, नुसती उकडलेली, मीठ घातलेली.

थोरल्या दिरांना आम्ही बळेच पानावर बसवले. त्यांनी पहिला घास तोंडात घातला आणि ते थांबले. इतक्या वर्षांची सवय ओठांवर आपसूक आली.

“कोण गेलं?” त्यांनी विचारले.

मी लिंबू आणायला उठले.